दुसऱ्या दिवशीचा ठिपका

४ ऑगस्ट, सोमवार

ही वही खो-खोच्या सरावाची. पुढच्या पानांवर आमच्या पालमच्या महिला संघाची नोंद आहे, कोण किती मिनिटं पळाली, कोण कुठं बाद झाली. आज वही उलटी केली न मागच्या पानापासून माझ्या पायाचं लिहायला घेतलंय.

गेल्या नोव्हेंबरात देवगाव फाट्याच्या अलीकडं स्कुटी घसरली न उजव्या नडगीचं हाड मोडलं. परभणीत ऑपरेशन झालं, हाडात रॉड घातला. फेब्रुवारीत मी चालायला लागले, एप्रिलमधे शाळेत परत खेळाचे तास घ्यायला लागले. मे महिन्यापासून घोट्याच्या वर ठणका सुरू झाला. संध्याकाळी अंग कोमट होतं, नडगीवर हात ठेवला तर ती तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाकरीसारखी लागते.

आज ऑपरेशन केलेल्या मोठ्या डॉक्टरांना परत दाखवलं. त्यांनी एक्स-रे खिडकीकडं धरला न म्हणाले, "मॅडम, हाड सुंदर जुळलंय. तुम्ही आता पायाचा विचार सोडा. मन रमवा कशात तरी."

मी म्हणलं, "सर, ताप येतो."

"किती?"

"नव्याण्णव पॉइंट आठ."

ते हसले. तेवढा तर सगळ्यांनाच येतो म्हणे.

एसटीनं परत येताना ठरवलं, रोज ताप मोजायचा, लिहायचा. दुखणं खरं असेल तर कागदावर दिसेल. खोटं असेल तर तेही दिसेल, मग मी गप बसेन.

संध्याकाळी ७ : १००.१

९ ऑगस्ट, शनिवार

सरावाला गेले. बसून उठायला जमत नाही म्हणून खुर्चीवरून शिकवते. रेणुकानं आज मला न विचारता पळतीचा क्रम बदलला. रेणुका आमची कर्णधार, तेवीस वर्षांची, लग्न झालेली, सासरचा सोयाबीन खुरपून मैदानावर येते. मी म्हणलं, "हे कुणी सांगितलं तुला?" ती म्हणाली, "मॅडम, तुमी त्या कोपऱ्यात उठून यायलात सारखं. क्रम असा लावला की तुमाला हितूनच सगळं दिसतंय."

सबब चांगली आहे. पोरीला माझी जागा पाहिजे असं वाटायलंय मला.

घरी आत्याबाई. माझा नवरा सिद्धोधन चाकणला कंपनीत, त्यामुळं घरात मी न माझी सासू सरजाबाई, दोघीच. त्यांना तापाचं काही सांगितलेलं नाही, उगीच जिवाला घोर. थर्मामीटर मी डब्यात लपवून ठेवते. आज तो डब्यात नव्हता, धुऊन पुसून उशीजवळ ठेवलेला होता. मीच विसरले असेन.

७ वाजता : १००.४

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घेतलं. ते एकदम उलटं बोलले. जंतू आहेत, रॉड काढा, हाडाचा तेवढा तुकडा कापा, बाहेरून रिंगा लावा, वर्ष जाईल. एक म्हणतो काहीच नाही, दुसरा म्हणतो कापा. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. आत्याबाई सोबत होत्या. त्या पायऱ्या इतक्या हळू उतरतात की माणसाचा धीर सुटतो. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मग पुढची. मला घाई असली की हमखास.

तिथल्याच एका नर्सबाईनं डॉ. राजनंदिनी यांचं नाव दिलं. तसंच त्यांच्याकडं गेलो. वयानं माझ्याहून लहान. पण त्यांनी माझी वही मागितली. पानं उलटून तापाचे आकडे स्वतःच्या कागदावर उतरवून घेतले. नडगीवर हाताचा पालथा पंजा ठेवला, मग डाव्या नडगीवर, परत उजव्या.

"तुम्ही खोटं बोलत नाही आहात," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. एक्स-रेत हाड दिसतं, जंतू दिसत नाहीत. एमआरआय काढला तर रॉडच्या धातूनं चित्र फाटतं. रक्तात सूज थोडी वाढलेली आहे, पण ती कुठली हे रक्त सांगत नाही. "एक वेगळा स्कॅन असतो. जिथं जंतू शिरतात तिथं रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. त्या पेशींना नेमकं ओळखून चिकटणारी प्रतिपिंडं मिळतात. त्या प्रतिपिंडांना थोडा किरणोत्सारी पदार्थ जोडतात, शिरेत सोडतात, न कॅमेऱ्यानं बघतात ती कुठं जमली. समजा गावात चोर कुठं लपलाय माहीत नाही, पण पोलीस तिकडं चाललेत. आपण पोलिसांच्या टोपीला दिवा लावायचा."

"आणि दिवा कुठंच जमला नाही तर?"

"तर मोठ्या डॉक्टरांचं बरोबर. मी पायाला हात लावणार नाही."

स्कॅन हैदराबादला होईल. मी हो म्हणलं. आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "पाय ऱ्हाईल ना तिचा?" डॉक्टर म्हणाल्या, ते कळावं म्हणूनच.

७ वाजता : १००.२

३ सप्टेंबर, बुधवार

स्कॅनच्या आधी रक्ताची एक तपासणी लागते. ही प्रतिपिंडं उंदराच्या पेशींपासून बनवतात. एखाद्याच्या शरीराला उंदराच्या प्रतिपिंडांची आधीच चीड असेल तर अंगावर उमटतं, श्वास लागतो, म्हणून आधी बघायचं. रक्त कुरिअरनं हैदराबादला गेलं.

आत्याबाईंना सांगितलं तर भाकरी थापता थापता हात थांबला. "उंदराचं? पोत्यातली ज्वारी खातंय तेच?"

"त्याचंच, आत्याबाई."

"मंग बरं हाय. वीस वर्सं आमची खाल्ली, आता जरा फेडू दे."

मी हसले. लय दिवसांनी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रक्ताचा निकाल आला, चीड नाही. तारीख मिळाली, २९ सप्टेंबर. रोज पाऊस. मैदानात गुडघाभर पाणी, शाळेच्या व्हरांड्यात सराव. ताप १००.६. तापाची गोळी वाढवली, गावातल्या डॉक्टरांनी दिलेली जंतूंवरचीही चालूच. गोळीनं उतरतो, म्हणजे बहुतेक बरा होत चाललाय.

२७ सप्टेंबर, शनिवार

हैदराबादहून फोन. प्रतिपिंडांची कुपी आलीच नाही, तारीख पुढं. कधी ते कळवतील. रागानं फोन गादीवर आपटला. आत्याबाई भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "फोनवर कशाला राग काढतीस? ये, पायाला तेल लावते." मी नको म्हणलं. गरम पायाला तेल चोळू नये म्हणतात. मग त्यांनी तेल स्वतःच्याच घोट्याला चोळलं, वाया जाऊ नये म्हणून.

६ ऑक्टोबर, सोमवार

नवी तारीख १३ ऑक्टोबर.

जिल्हा स्पर्धा परभणीत १२ न १३ ऑक्टोबरला.

आणखी काही लिहावं वाटत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

हैदराबादला फोन करून विचारलं, आठ दिवस पुढं होईल का. तिथला तंत्रज्ञ मराठी निघाला, नागनाथ नाव, मूळचा देगलूरचा. तो म्हणाला, "ताई, कुपी एकदा तयार केली की काही तासांत वापरावी लागते. त्या दिवशी तुम्ही न अजून एक पेशंट, दोघांसाठी मागवलीय. तुम्ही आला नाही तर पुढची कधी येईल, मी शब्द देऊ शकत नाही."

दोन वर्षं मी या बारा जणींना घडवलंय. कुणी शेतातून येतं, कुणी दुकानातून, एक तर ऊसतोडीला जायची थांबलीय फक्त या स्पर्धेसाठी. मी नसेन तर यांना कोण सांगणार, कधी खांब सोडायचा, कधी नागमोडी पळत साखळी धरायची?

११ ऑक्टोबर, शनिवार

ठरवलं होतं, स्पर्धेला जायचं. पाय अकरा महिने थांबलाय, अजून थांबेल. सकाळी आत्याबाईंना सांगितलं. त्या उठून बाहेर गेल्या. अर्ध्या तासानं रेणुकाला घेऊन आल्या. तेवढं अंतर चालत जाऊन, हळूहळू.

रेणुका दारातच उभी राहिली. "मॅडम, तुमी हैदराबादला जा."

"आणि तुम्ही?"

"आमी खेळू."

"साखळी तुटली तर?"

"तुमीच शिकवलंय तुटल्यावर काय करायचं. तुमाला गेल्या महिन्यात ग्राउंडवर घाम सुटून थंडी वाजायली होती. पोरी खेळ सोडून तुमच्याकडं बघायल्यात, मॅडम. तुमी खुर्चीवर असलात तर आमी हरू."

हे तिनं बोलायला नको होतं. लय लागलं मनाला. आत्याबाईंनी तेवढ्यात पिशवीत त्यांचं लुगडं न माझ्या साड्या भरायला घेतल्या. म्हणाल्या, "सात वाजता किती व्हता काल?"

"काय?"

"ताप. एकशे एक व्हता. मी बघितलाय."

मग मी वाद घातला नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार. हैदराबाद

कालचा फोन आधी लिहिते. पोरी दोन्ही सामने जिंकल्या. आज अंतिम.

सकाळी आठला दवाखान्यात. न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग तळघरात, जाड दारं, पिवळ्या पाट्या. नागनाथ तिशीचा, चष्मा, बोलायला मोकळा. त्यानं सांगितलं की किरणोत्सारी पदार्थाला टेक्नेशियम म्हणतात, तो शिशाच्या डब्यातल्या एका यंत्रातून रोज सकाळी काढतात. "आम्ही त्याला गाय म्हणतो. सकाळी गाय पिळली की दिवसभराचं काम."

आत्याबाईंचे डोळे मोठे झाले. "गाय? ह्या तळघरात?"

"दूध देती, आजी. शेण टाकत न्हाई." नागनाथ देगलूरच्या बोलीवर आला न आत्याबाई खुश झाल्या.

नऊ वाजता सुई टोचली. काहीच झालं नाही. मला वाटलं होतं अंग तापेल, काहीतरी कळेल. अर्धा तास नर्स शेजारी बसून बघत होती, कुठं पुरळ येतं का. नाही आलं. उद्यापर्यंत लहान लेकरांना न गरोदर बायकांना जवळ घ्यायचं नाही असं सांगितलं. मग नुसतं बसणं. चार तास.

बसल्या बसल्या नागनाथनं विचारलं, "आजी, तुमच्या पायाला काय झालंय?"

"माझ्या? काय न्हाई. जुनं हाय."

"घोटा आत वळलाय तुमचा."

तेव्हा मी पाहिला. नऊ वर्षं त्या घरात राहते न मी आज पाहिला. आत्याबाईंनी पदर पायावर ओढला. नागनाथ गेल्यावर मी विचारलं, तर तुटक तुटक सांगितलं. ऊसतोडीला असताना मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून पडल्या. सिद्धोधन तेव्हा सातवीत. मुकादम म्हणाला, नाटक करायली. "उचल घेतलेली व्हती. फडकं बांधलं न दुसऱ्या दिशी कोयता धरला. जुळलं आपोआप, वाकडं जुळलं."

"कुणाला दाखवलं नाही?"

"कुणी इस्वास ठेवायला पाहिजे ना आधी." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "म्हणून म्हणलं, तुजं तरी बघू दे त्या मशीनला."

दवाखान्याच्या पायऱ्या आठवल्या. मी त्यांच्यावर किती वेळा वैतागले आहे. वहीत लिहिलंय सुद्धा. ते पान खोडणार नाही, राहू दे.

एक वाजता कॅमेऱ्याखाली झोपले. दोन मोठ्या चकत्या, एक वर, एक खाली, हलत नाहीत, आवाज करत नाहीत. वीस मिनिटं. पडद्यावर माझा पाय ठिपक्याठिपक्यांचा, धुक्यात दिसावा तसा. घोट्याच्या वर, रॉडचा खालचा स्क्रू आहे तिथं, एक पुसट काळा डाग.

"हेच ना? हाच जंतू?"

नागनाथनं डागावर बोट ठेवलं. "ताई, चार तासांचा फोटो अर्धीच गोष्ट सांगतो. ऑपरेशन झालेल्या जागी थोडी प्रतिपिंडं उगीचच रेंगाळतात. ती उद्यापर्यंत निघून जातात न डाग फिका होतो. जंतू असतील तर पांढऱ्या पेशी येतच राहतात न डाग गडद होतो. उद्या नऊ वाजता बघू. फिका की गडद, एवढंच."

चारला रेणुकाचा फोन. हरलो. एका गुणानं. ती रडत नव्हती. "शेवटच्या मिनिटात माझा सूर चुकला, मॅडम. हात अपुरा पडला. तुमचं काय?"

मी सांगितलं, उद्या.

"मग उद्या रडू दोघी," ती म्हणाली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. हैदराबाद

आज चौदा ऑक्टोबर, धम्मदीक्षेचा दिवस. लॉजच्या खोलीत आत्याबाईंनी सकाळी मोबाइलवरचा बाबासाहेबांचा फोटो खिडकीत टेकवून वंदना म्हणली. मीही बसले, पाय लांब करून. मनात सारखं एकच. फिका की गडद. खरं लिहायचं तर मला गडद पाहिजे होता. पायात जंतू असावेत अशी प्रार्थना कुणी करतं का? पण फिका निघाला असता तर इतके महिने मी कोण होते, हे मला कळलं नसतं.

नऊ वाजता परत कॅमेरा. चित्र यायला आज जास्त वेळ लागला. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, चोवीस तासांत लय थोडं उरतं. आत्याबाई काचेपलीकडं उभ्या होत्या, बसा म्हणलं तरी बसल्या नाहीत.

नागनाथनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. बाकीचा पाय कालच्यापेक्षा विरळ. पण स्क्रूपाशी काळा, गोल, ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका, कालच्याहून स्पष्ट. तिथल्या डॉक्टरबाई आल्या, त्यांनी मोजलं, आकडे ताडून बघितले. हिंदीत म्हणाल्या, संसर्ग आहे. खालच्या स्क्रूभोवती. वर हाडात, जिथं मोडलं होतं तिथं, काही नाही. संपूर्ण रॉडलगत पसरलेलं नाही.

मी खाटेवरच बसून रडले. आनंदानं. नागनाथ गोंधळला. आत्याबाई त्याला म्हणाल्या, "रडू दे बाबा. ती खरी निघाली."

मग बाहेर जाऊन रेणुकाला फोन केला, न दोघी रडलो, ठरल्याप्रमाणे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दोन्ही फोटो डॉ. राजनंदिनींनी बराच वेळ पाहिले. मग खुर्ची जवळ ओढली. हाड जुळलेलं आहे न ठिपका एकाच जागी आहे, म्हणून हाड कापायचं नाही, रिंगाही नाहीत. रॉड न स्क्रू सगळे काढायचे, स्क्रूची जागा खरवडून साफ करायची, आतलं तपासणीला पाठवायचं, मग त्या जंतूला लागू पडणारं औषध सहा आठवडे. "पण धोका सांगते. रॉड काढल्यावर हाड काही महिने नाजूक राहतं. पळालात, पडलात, तर परत मोडेल. न जंतू एखाद्या फटीत राहिला तर परत यावं लागेल."

"करा," मी म्हणलं.

उठताना म्हणलं, "अजून एक पेशंट आहे," न आत्याबाईंना पुढं केलं. त्या नको नको करत खुर्चीच्या पाठीला धरून राहिल्या. डॉक्टरांनी पाय मांडीवर घेतला. एक्स-रे काढला. वाकडं जुळलेलं जुनं हाड, सांधा झिजलेला. जंतू नाहीत. मापानं बनवलेला बूट न आत तिरपी गादी दिली तर चालणं सोपं होईल म्हणाल्या.

"मला मशीन नको का?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुम्हाला नाही लागत, आजी. तुमचं दिसतंच आहे."

आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला न म्हणाल्या, "दिसतंय व्हय."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

काल ऑपरेशन. खालच्या स्क्रूमागं चमचाभर पू निघाला. ठिपका होता तिथंच. डॉक्टरांनी काढलेला रॉड बाटलीत घालून दाखवला. लांब, सरळ, माझ्यात वर्षभर होता. नको म्हणलं घरी न्यायला.

सिद्धोधन रजा टाकून आलाय. उशाशी बसून झोपतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जंतूचं नाव कळलं, नेहमीचाच, कातडीवर असणारा. तीन औषधांना मरतो, दोन औषधांना नाही. गेल्या चार महिन्यांत मी घेतलेल्या जंतूंवरच्या गोळ्या त्या दोन औषधांतल्याच होत्या.

७ वाजता : ९९.२

२३ नोव्हेंबर, रविवार

औषधानं पोट बिघडतं, तोंडाला धातूची चव. जखम कोरडी. काल पहिल्यांदा कुबडी सोडून अंगणात दहा पावलं. आत्याबाई नव्या बुटात शेजारी. आम्ही दोघी अशा चाललो की शेजारची कडूबाई म्हणाली, "शर्यत लावलीव का काय?" शर्यतीत मी हरले.

७ वाजता : ९८.४

१४ डिसेंबर, रविवार

सहा आठवडे संपले. रक्तातली सूज उतरली. डॉक्टर म्हणाल्या बसा, उठा, चाला, पळायचं मात्र मार्चनंतर.

मैदानावर गेले. रेणुकानं पळतीच्या तीन नव्या रांगा बसवल्यात, चुन्यानं आखून. माझ्या वहीत नाहीत अशा. एक रांग मला कळायला दोनदा बघावी लागली. पोरगी चांगली शिकवते. ऑगस्टमधे मी तिच्याबद्दल काय लिहिलंय ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, तुमची जागा घेऊन मी काय करू? मला पळायचंय अजून."

आज एक पोरगी कमी होती. आठपैकी एक चौकोन रिकामा. मी म्हणलं, "मी बसते."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी उजवा गुडघा वाकवला, टाच टेकवली, बसले. वर्षानंतर. काहीतरी दुखेल म्हणून वाट बघितली.

डाव सुरू झाला. रेणुका पाठलाग करत होती. माझ्या पाठीमागून तीनदा गेली, शेजारणींना उठवलं, मला नाही. चौथ्यांदा मी मान न वळवता ओरडले, "रेणुका, मी काय दगड आहे का इथं?"

पाठीवर हात पडला. "खो!"

मी उठले. पळाले नाही, शब्द दिलाय. भराभर चालत खांबापर्यंत गेले. पुढची पळती पोरगी हसत माझ्या हातातून निसटली. सीमेवरून आत्याबाई माझ्या नावानं ओरडत होत्या, "धम्मे, बास! बास म्हणते ना!"

खांबाला धरून वाकले न नडगीवर हात ठेवला. गार होती.